ग्रंथी की मेद? मुलाच्या छातीची वाढ आणि घरातील मौन

रविवारी सकाळी आजोबांचा हात धरून देरासरात जाणारा, धोतर नेसून आणि खेस पांघरून पूजेच्या रांगेत हौसेने उभा राहणारा मुलगा चौदाव्या वर्षी एकाएकी पूजेला जाण्याचे टाळू लागतो. कधी अभ्यासाचे कारण सांगतो, कधी झोपेचे. घरातील मंडळी आपापल्या परीने निष्कर्ष काढतात. मोबाईलने बिघडवला, संगत बदलली, धर्माची गोडी उरली नाही. खरे कारण मात्र कोणाच्याच मनात येत नाही. खेस कितीही नीट पांघरला तरी छातीचा काही भाग उघडा राहतो, आणि गेल्या काही महिन्यांत छातीला आलेला उभार कोणाच्या दृष्टीस पडू नये, एवढीच त्या मुलाची धडपड असते.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी अशा कोणत्याही उपनगरात ही कथा घडू शकते. असा मुलगा अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडासंकुलातील किंवा मुलुंडच्या प्रियदर्शिनी क्रीडासंकुलातील तरणतलावाची वाट सोडतो. मुंबईच्या उकाड्यातही सदऱ्याच्या आत घट्ट बनियन चढवतो. खांदे पुढे झुकवून, पुस्तके छातीशी धरून चालतो. शाळेत कोणी चिडवले तर घरी येऊन सांगत नाही, कारण सांगायचे म्हटले तर त्या गोष्टीचे नाव घ्यावे लागते.

विषय निघालाच तर घरात दोनच सल्ले ऐकू येतात. एक म्हणतो, ‘‘तूप-मिठाई बंद कर, वजन उतरव, आपोआप जाईल.’’ दुसरा म्हणतो, ‘‘आजकाल छोटेसे ऑपरेशन असते, करून टाकू.’’ हे दोन्ही सल्ले एखाद्या मुलाच्या बाबतीत बरोबर ठरतात आणि दुसऱ्याच्या बाबतीत पूर्ण चुकतात. कोणासाठी कोणता योग्य, हे एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. छातीचा हा उभार ग्रंथीचा आहे की मेदाचा?

रूप एक, वस्तू दोन

पुरुषाच्या छातीतही स्तनग्रंथीचा अंश असतो. जन्मतः तो मुलगा आणि मुलगी या दोघांनाही मिळतो. मुलींमध्ये वयात येताना तो वाढतो, मुलग्यांमध्ये स्तनाग्राच्या मागे नाममात्र राहतो. शरीरातील पुरुषी आणि स्त्रैण संप्रेरकांचा तोल काही कारणाने ढळला, म्हणजे इस्ट्रोजेनचा प्रभाव वाढला किंवा टेस्टोस्टेरॉनचा घटला, की हा सुप्त अंश वाढू लागतो. या खऱ्या ग्रंथिवाढीला वैद्यकात ‘गायनेकोमॅस्टिया’ म्हणतात.

दुसऱ्या प्रकारात ग्रंथी आहे तेवढीच राहते. पोटावर, कमरेवर साठते तशीच चरबी छातीवर साठते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते. या दुसऱ्या प्रकाराला डॉक्टर ‘छद्म’ वाढ म्हणतात. तिसरी शक्यता दोन्हींच्या मिश्रणाची आहे आणि ती मुळीच दुर्मीळ नाही. चरबीच्या पेशींमध्ये ‘ॲरोमॅटेज’ नावाचे एक विकर असते. ते पुरुषी संप्रेरकांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. त्यामुळे वजन फार वाढलेल्या पुरुषात चरबीच ग्रंथीला खतपाणी घालते.

हा गोंधळ आजचा नाही. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याने पुरुषांच्या या वाढीला नाव दिले तेव्हा ती मेदाची वाढ मानली होती. सातव्या शतकातील इजिनाच्या पॉल या वैद्याने तिच्यावरील शस्त्रक्रिया लिहून ठेवली. त्यानेही चंद्रकोरीसारखा छेद घेऊन चरबी काढावी असेच सांगितले. आज तेच नाव नेमके उलट अर्थाने, ग्रंथीच्या वाढीसाठी वापरले जाते.

चिमटीची परीक्षा

कापडाच्या पेढीवर वाढलेल्या माणसाला तागा उलगडण्याची गरज पडत नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत कापड धरले की सुती कोणते आणि मिश्र कोणते, हे त्याच्या बोटांना कळते. ग्रंथी आणि मेद यांतला भेद ओळखण्याची डॉक्टरांची पहिली परीक्षाही अंगठा आणि तर्जनीचीच आहे.

रुग्णाला उताणे झोपवून हात डोक्यामागे घ्यायला सांगतात. त्यामुळे छातीवरील मांस पसरते आणि खाली काय आहे ते स्पष्ट होते. डॉक्टर अंगठा आणि तर्जनी छातीच्या दोन बाजूंना ठेवून हलकेच स्तनाग्राकडे आणतात. बोटे एकमेकांजवळ येताना वाटेत रबरासारखी घट्ट, किंचित सरकणारी, चकतीच्या आकाराची वस्तू लागली आणि ती बरोबर स्तनाग्राच्या मागे, चहूबाजूंनी सारखी पसरलेली असली, तर ती ग्रंथी होय. वाढ नुकतीच सुरू झाली असेल तर दाबल्यावर ती दुखते. शर्टाचे कापड घासले तरी झोंबते, अशी तक्रार मुलगे करतात. अर्धा सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी चकती हाताला लागली तर ग्रंथिवाढ आहे असे सामान्यतः धरले जाते.

बोटांना स्तनाग्रापर्यंत कोणताही अडथळा लागला नाही, सगळे मऊ आणि एकसारखे भासले, तर तो मेद. शंका आली तर काखेच्या पुढच्या घडीतील किंवा पोटावरील चरबी चिमटीत धरून तुलना करतात. साबणाचे पाणी लावून बोटे फिरवली तर चकतीची कड अधिक स्पष्ट लागते.

घरी आरशासमोर उभे राहून केलेली तपासणी मात्र फसवी असते. उभ्याने मेदही गोळा होऊन घट्ट लागतो, आणि मनात भीती असली की बोटांना काहीही जाणवते. डॉक्टरांच्या तपासणीनंतरही संदेह उरला तर सोनोग्राफी मदतीला येते. प्रौढ पुरुषात गरज पडल्यास मॅमोग्राफीही करतात. बहुतेकांना त्याची आवश्यकता भासत नाही.

वजनकाटा काय सांगत नाही

‘‘पोरगा तर काटक आहे, मग चरबी कुठून येणार?’’ असा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. त्याचे उत्तर पुण्याकडून मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे शेजारी शेजारी मांडली. उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा निर्देशांक, ज्याला बीएमआय म्हणतात, दोघांचाही 22.3 होता. वजनकाट्याच्या दृष्टीने दोघे सारखेच आणि दोघेही सडपातळ. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के.

भारतीय शरीर बाहेरून बारीक दिसत असतानाही आत मेद बाळगू शकते, हे त्या दोन आकड्यांनी दाखवून दिले. म्हणून मुलगा बारीक आहे एवढ्यावरून त्याच्या छातीवर मेद नसेल असे म्हणता येत नाही. तसेच मुलगा स्थूल आहे म्हणून सगळा दोष मेदाचा, असेही म्हणता येत नाही. वजन वजनकाटा सांगतो, वस्तू चिमटी सांगते.

वयाप्रमाणे अर्थ बदलतो

ग्रंथी आहे असे ठरले तरी घाबरून जाण्याचे कारण नसते. आयुष्यात तीन वेळा ही वाढ निसर्गतः होते.

पहिली वेळ जन्मानंतरची. आईच्या संप्रेरकांच्या प्रभावाने अनेक नवजात बाळांची छाती फुगते, कधी दुधासारखा थेंबही येतो. काही आठवड्यांत ते आपोआप ओसरते. बाळाला न्हाऊ घालताना ती छाती पिळून ‘दूध काढण्याची’ जुनी रीत काही घरांत अजून आहे. ती कटाक्षाने सोडावी. पिळल्याने तेथे जंतुसंसर्ग होऊन पू धरू शकतो.

दुसरी वेळ पौगंडावस्थेची, साधारण तेरा-चौदा वर्षांची. या वयात निम्म्याच्या आसपास मुलग्यांमध्ये कमी-अधिक ग्रंथिवाढ होते. कोणाच्या एका बाजूला आधी, कोणाच्या दोन्हीकडे. बहुतेकांमध्ये ती सहा महिने ते दोन वर्षांत मावळते. म्हणजे पूजेच्या रांगेतून मागे सरणाऱ्या त्या मुलाला सर्वांत आधी हवे असते ते एक वाक्य: ‘‘हे तुझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांना होते, आणि बहुतेकांचे जाते.’’ हे वाक्य त्याला कोणी सांगत नाही, म्हणून तो आपल्या शरीरातच काही खोट आहे असे मानून बसतो. सतराव्या वर्षानंतरही वाढ टिकली, किंवा दोन वर्षांत काहीच फरक पडला नाही, तर ग्रंथी तंतुमय होऊन बसते आणि मग ती आपोआप जाण्याची आशा कमी असते.

तिसरी वेळ उतारवयाची. पन्नाशीनंतर टेस्टोस्टेरॉन घटते, चरबी वाढते, आणि त्यात औषधांची भर पडते.

या तिन्ही वेळांच्या बाहेर, म्हणजे वयात येण्याआधी किंवा ऐन तारुण्यात, एकाएकी आणि झपाट्याने वाढ झाली तर कारण शोधलेच पाहिजे. थायरॉईडचा अतिरेक, यकृताचा जुनाट आजार, मूत्रपिंडाचा विकार, वृषणांची दुर्बलता किंवा क्वचित वृषणातील गाठ, अशी कारणे त्यामागे असू शकतात. 1942 मध्ये अमेरिकेतील डॉ. हॅरी क्लाइनफेल्टर यांनी वर्णिलेल्या विकारात पुरुषाच्या पेशींत एक जादा एक्स गुणसूत्र असते. छातीची वाढ हे त्याचे एक ठळक लक्षण आहे. म्हणूनच जाणकार डॉक्टर छातीबरोबर वृषणेही तपासतात आणि गरजेनुसार रक्तातील संप्रेरके, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या चाचण्या सांगतात. मुलाने त्या तपासणीला लाजू नये, आणि वडिलांनी ती टाळू नये.

औषधांचा डबा आणि व्यायामशाळा

प्रौढ माणसाच्या छातीत ग्रंथी लागली की पहिला प्रश्न औषधांच्या डब्याचा असतो. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा यकृताच्या सुजेसाठी दिले जाणारे स्पिरोनोलॅक्टोन यासाठी प्रसिद्धच आहे. प्रोस्टेटच्या त्रासासाठी किंवा केस गळू नयेत म्हणून घेतले जाणारे फिनास्टेराईड, मनोविकारांवरील रिस्पेरिडोन, बुरशीवरील किटोकोनाझोल ही आणखी काही नावे. दुकानावर अवेळी जेवणाऱ्या व्यापाऱ्याच्या खिशात आम्लपित्ताची गोळी असतेच. अशा अनेक गोळ्यांत डॉम्पेरिडोन मिसळलेले असते, आणि तेही या यादीत येते. दारू आणि गांजा यांचीही गणना कारणांतच होते. मात्र यातील डॉक्टरांनी दिलेली कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. हृदयाची गोळी अचानक सोडणे छातीच्या उभारापेक्षा कितीतरी घातक ठरू शकते. डॉक्टरांना सांगितले तर ते बहुधा पर्यायी औषध देऊ शकतात.

तरुणांच्या बाबतीत दुसरा प्रश्न व्यायामशाळेचा. दंड आणि छाती लवकर भरावी म्हणून काही मुलगे ओळखीच्या प्रशिक्षकाकडून इंजेक्शने किंवा नाव नसलेल्या डब्यातील भुकटी घेतात. त्यांत स्टेरॉईड असेल तर शरीर त्यातील काही भागाचे इस्ट्रोजेन बनवते आणि स्वतःचे टेस्टोस्टेरॉन तयार करणे थांबवते. पुरुषी छातीसाठी केलेला तो खर्च नेमका उलटा उगवतो. दूध, तूप किंवा सोयाबीनच्या नेहमीच्या आहाराला दोष देण्याआधी पालकांनी तो डबा उघडून पाहणे अधिक उपयोगाचे.

जशी वस्तू तसा उपाय

चिमटीच्या परीक्षेत निव्वळ मेद आढळला तर उपाय घरातच आहे. बोरिवलीकरांना राष्ट्रीय उद्यानात रोज सकाळी वेगाने चालता येते, इतरांना आपापल्या उपनगरातील मैदानात. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा परिपाठ ज्या घरांत आहे तेथे रात्रीच्या फरसाणाला आपसूक आळा बसतो. फक्त त्या आधीच्या ताटात तळलेले आणि गोड किती आहे, हेही पाहावे. केवळ दंडबैठका काढून छातीवरचाच मेद वितळत नाही. सगळ्या अंगाचे वजन उतरते तेव्हा छातीही उतरते.

ग्रंथी असेल तर कितीही चालले तरी ती चकती विरघळत नाही. छातीचे स्नायू कमावले तर ते चकतीच्या मागे वाढतात आणि उभार कधीकधी अधिकच दिसू लागतो. अशा मुलाला ‘‘तू मनापासून व्यायाम करत नाहीस’’ म्हणून रागावणे हा अन्याय आहे. त्याने दहा किलो वजन उतरवले तरी ती चकती जागची हलणार नाही, आणि दोष मात्र त्याच्या माथी येईल. त्याच्यासाठी आधी वाट पाहणे, दर काही महिन्यांनी डॉक्टरांना दाखवणे आणि कारण सापडल्यास ते दूर करणे हा मार्ग आहे. वाढ ताजी आणि फार दुखरी असेल तर तज्ज्ञ डॉक्टर टॅमॉक्सिफेनसारखे औषध विचारात घेतात. वर्ष उलटून ग्रंथी तंतुमय झाली की औषधाचा उपयोग फारसा होत नाही. जाहिरातीतील मलमांनी आणि तेलांनी ती कधीच जात नाही.

टिकून राहिलेल्या आणि मनाला जाचणाऱ्या ग्रंथीसाठी शस्त्रक्रिया आहे. येथेही तोच भेद निर्णायक ठरतो. मेद नळीने ओढून काढता येतो. घट्ट ग्रंथी सहसा तशी येत नाही. ती स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेने छेद घेऊन कापून काढावी लागते. हा अर्धवर्तुळाकार छेद 1946 मध्ये वेबस्टर या शल्यविशारदाने वर्णन केला आणि आजही तो वापरात आहे. ग्रंथी ओळखली गेली नाही आणि केवळ मेद ओढला गेला तर काही आठवड्यांनी सूज उतरते आणि चकती तशीच वर दिसते. पैसे गेले, वेदना सोसल्या, आणि मुलाची आशाही गेली. उलट ग्रंथी गरजेपेक्षा अधिक खरवडली तर स्तनाग्र बशीसारखे आत बसते.

सौदा करताना जे प्रश्न व्यापारी सहज विचारतो ते येथेही विचारावेत. माझ्या मुलाच्या छातीत ग्रंथी किती आणि मेद किती? ग्रंथी काढणार कशी? शल्यविशारदाकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा तत्सम पदवी आहे का? भूल देणारा डॉक्टर कोण? काढलेला भाग प्रयोगशाळेत तपासायला पाठवणार का? भूल, रुग्णालय आणि नंतर काही आठवडे घालायचा घट्ट पट्टा धरून एकूण खर्च किती? केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्यविम्यात सहसा बसत नाही, हेही आधीच विचारून घ्यावे. वाढीच्या वयात, वाढ चालू असताना घाई करू नये. आज काढलेली ग्रंथी उद्या पुन्हा वाढू शकते.

पहिल्या तपासणीसाठी मोठ्या खर्चाची गरज नसते. नेहमीचे कुटुंबीय डॉक्टर चिमटीची परीक्षा करू शकतात. घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर अशी महापालिकेची रुग्णालये उपनगरांतच आहेत. संप्रेरकांचा प्रश्न गुंतागुंतीचा असेल तर परळच्या केईएम रुग्णालयात त्याचा स्वतंत्र विभाग आहे.

जेथे वाट पाहू नये

आतापर्यंतचे सारे सांगणे धीराचे आहे. एका बाबतीत मात्र धीर उपयोगाचा नाही. पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो. स्तनाच्या सर्व कर्करोगांत त्याचे प्रमाण सुमारे एक टक्का आहे, आणि तो बहुधा साठीच्या पुढे आढळतो. ‘‘हा बायकांचा आजार’’ अशा समजुतीमुळे पुरुष उशिरा येतात आणि तेवढ्यात आजार पुढे सरकतो.

त्याची लक्षणे ग्रंथी आणि मेद या दोन्हींपेक्षा वेगळी असतात. गाठ रबरासारखी नसून दगडासारखी कठीण असते. ती स्तनाग्राच्या बरोबर मागे नसून बहुधा एका कडेला असते, एकाच बाजूला असते आणि बहुधा दुखत नाही. हलवली तर नीट हलत नाही. स्तनाग्र आत ओढले जाते, त्यातून रक्तमिश्रित स्राव येतो, वरच्या कातडीला खळी पडते किंवा जखम होते, काखेत गाठ लागते. यांपैकी एकही लक्षण दिसले तर दिवाळीनंतर पाहू, लग्नसराई उरकू दे, असे म्हणू नये. परळला 1941 पासून उभे असलेले टाटा स्मारक रुग्णालय याच आजारांसाठी आहे. काका, आजोबा किंवा गादीवर बसणारे वडील स्नानाच्या वेळी काही लागले तरी बोलत नाहीत. म्हणून घरातील स्त्रियांनी हा प्रश्न न संकोचता विचारावा.

बोलावे कसे

चौदा वर्षांच्या मुलाशी हा विषय काढायचा तो वडिलांनी किंवा मोठ्या भावाने, एकांतात. जेवणाच्या पंगतीत नव्हे आणि पाहुण्यांसमोर तर मुळीच नव्हे. आत्याने किंवा मामाने केलेली थट्टा, ‘‘अरे, किती सुटलास!’’ हे लाडाचे वाक्य, त्याच्या कानात वर्षभर घुमत राहते. वाणीनेही हिंसा घडते, ही शिकवण ज्या घरांत लहानपणापासून दिली जाते, तेथे हे निराळे सांगण्याची गरज पडू नये.

वडिलांनी एवढेच म्हणावे, ‘‘माझ्या लक्षात आले आहे. हे पुष्कळांना होते. आपण दोघे डॉक्टरांकडे जाऊ, तू आत एकटा बोललास तरी चालेल.’’ मग डॉक्टर चिमटीत धरून सांगतील, ग्रंथी की मेद. उत्तर कोणतेही असो, इतके दिवस ज्याचे नावही उच्चारता येत नव्हते त्याला नाव मिळेल, कारण मिळेल आणि पुढची वाट मिळेल. तोपर्यंत पूजेला यायचे की नाही, खेस कसा पांघरायचा, हे त्याच्यावर सोपवावे. आजोबांनी हात पुढे करावा, ओढू नये.